पाला कशाला, ते विचारायचं नाही

"मेलं हे झाड! कोवळं एक पान म्हणून ठेवलं नाही कोणी. फांदी न् फांदी बोडकी. आणि वर हे मुंगळे!"

न्हाणीच्या भिंतीपलीकडून ही धुसफूस कानावर आली तेव्हा मी पाटावर बसले होते, डोक्याला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून. आमची न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी विटा आणि चौथीकडून गोणपाट. भिंतीला लागून सीताफळाचं झाड. पलीकडे कोणी सुस्कारा टाकला तरी अलीकडे ऐकू येतो. हा आवाज सरिताचा होता. सरिता म्हणजे दीपकची बायको, आणि दीपक म्हणजे आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. बाई धुळे शहरातली, त्यामुळे मुंगळ्यांनासुद्धा शुद्ध मराठीत शिव्या देते.

"अक्का, आहात का घरात? पाला घेतला हो थोडा. गाईच्या जखमेत किडे पडलेत."

"घे गं," मी आतूनच म्हटलं.

गाय! दीपकनं गाय पोळ्याच्या आधीच विकली. टेम्पोत चढवून आमच्याच दारावरून नेली, आणि ती बिचारी वळणापर्यंत हंबरत होती. जखम असेल तर ती आता शिरपूरच्या बाजारापलीकडे कुठेतरी असेल. तिच्यासाठी इथून पाला?

पण मी विचारलं नाही. माझ्या सासूनं घालून दिलेला नियम आहे. मी असोद्याहून लग्न होऊन इथे सातपुड्याच्या पायथ्याशी आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी मला झाडाखाली उभं करून सांगितलं होतं, "पाला मांगनारीले कसाले म्हनीसन इचारनं नही. दी देवाना." कशाला हवा ते विचारायचं नाही, देऊन टाकायचा. पैसे घ्यायचे नाहीत, कारण विचारायचं नाही. मी हा नियम सव्वीस वर्षं पाळला.

शेजारीच पेरूचं झाड आहे. त्याच्या पाल्यासाठी कोणी खोटं बोलत नाही. तोंड आलं, दाढ ठणकते, पोराचं पोट बिघडलं, सगळं रस्त्यावरून ओरडून सांगतात आणि पानं ओरबाडून नेतात. सीताफळाची गोष्ट वेगळी. सीताफळाच्या पाल्यानं गुरांच्या जखमेतले किडे मरतात, खाटेतले ढेकूण पळतात, खुराड्यातल्या पिसवा जातात, आणि वाटून डोक्याला लावला तर उवा. पहिल्या तीन गोष्टी सांगता येतात. चौथी कोणी सांगत नाही.

त्याआधीच्या पंधरा दिवसांत मी जे ऐकलं ते ऐकून घ्या. भूषणची आई खुराड्यासाठी पाला घेऊन गेली. तिच्याकडे एक कोंबडी आहे, एकच, आणि तीही दिवसभर माझ्या अंगणात असते. पाटलांची थोरली सून ढेकणांसाठी घेऊन गेली, आणि घरात लोखंडी पलंग असल्याचं तीच मला गेल्या वर्षभर ऐकवते आहे. एक जण म्हणाली हरभऱ्याच्या कोठीत टाकायचाय. बरं बाई, टाक. कोठीला वेण्या असत्या तर तिथेही टाकला असतास.

औषधाच्या दुकानात उवांचा शाम्पू मिळतो, नाही असं नाही. पण दुकान दीपकच्या चुलतभावाचं. तिथे बाटली घेतली की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. त्यापेक्षा माझं झाड बरं, ते कोणाला सांगायला जात नाही.

आणि मी त्या दिवशी डोक्याला फडकं बांधून न्हाणीत कशाला बसले होते, ते मलाही कोणी विचारलं नाही.

मी शाळेत खिचडी शिजवते. दोन चुलाणी, एक मोठं पातेलं, ऐंशी पोरं. त्या बुधवारी डोकं धुऊन, केस वाळवून मी शाळेत पोचले आणि वाढायला पंगत बसवली तर पाचवीची शीतल पंगतीत नव्हती. दाराजवळ एका वेगळ्या पोत्यावर बसली होती. दोन वेण्या पुढे घेऊन, दोन्ही हातांनी धरून.

"इथं का गं बसलीस?"

"सरांनी बसवलं."

शीतल वरच्या पाड्यावरची. गावापासून दोन किलोमीटरवर, टेकडीच्या अंगाला पंचवीस-तीस घरं आहेत. आईबाप गुजरातेत बांधकामावर, पोर आजीपाशी. कमरेपर्यंत केस आहेत पोरीचे. आई रविवारी व्हिडिओ कॉल करते ना, तर आधी म्हणते, मागे वळ, केस दाखव. चेहरा नंतर.

मी डाव तसाच हातात घेऊन मोतीलाल सरांच्या खोलीत गेले. सर वाईट माणूस नाही. सगळ्यांशी गोड बोलायचं, कोणाशीच वाकडं घ्यायचं नाही, असा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.

"दिपमालाताई, तात्पुरतं आहे ते," सर म्हणाले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. पालकांच्या ग्रुपवर सरिताचा मेसेज होता. मी शब्दन्‌शब्द वाचला. *एका विशिष्ट वस्तीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे आपल्या मुलींच्या डोक्यात उवा होत आहेत. स्वच्छतेचा प्रश्न गंभीर आहे. शाळेने तातडीने निर्णय घ्यावा.* खाली एकवीस अंगठे. भूषणच्या आईचा अंगठा सगळ्यात वर.

"सर, त्या वस्तीवरून या वर्षी एकच पोर येते."

"म्हणूनच तर नाव नाही घेतलं त्यांनी," सर म्हणाले.

केवढी ही सभ्यता!

मी बाहेर आले, पोरीला चुलाण्यामागे नेलं आणि तिच्या वेण्या सोडल्या. उजेडात, भांग पाडून पाडून बघितलं. कानामागे, मानेवर, टाळूला. ऊ सोडा, एक लीख नव्हती. तेलाचा वास आणि स्वच्छ, पांढरी टाळू. ऐंशी पोरांच्या शाळेत एवढं स्वच्छ डोकं दुसरं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते, कारण बाकीच्यांच्या आया माझ्या झाडाखाली येऊन गेल्या होत्या.

"आजी दर रविवारी पाला लावते," शीतल म्हणाली. "डोळ्यांवर घट्ट फडकं बांधते आधी."

हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. मला तो पाला लावायला तिच्या आजीनंच शिकवलं. सुगंधाबाई म्हणजे शीतलची आजी. मी नवी नवरी असताना ती डोक्यावर टोपली घेऊन सीताफळं विकायला खाली यायची. माझे केस तेव्हा हातभर होते आणि त्या केसांत जे व्हायचं ते झालं होतं. सासूला सांगायची सोय नव्हती. सुगंधाबाईनं टोपली उतरवताना माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पदराच्या गाठीतून पाला काढून हातावर ठेवला. वाटायचा कसा, तासभर ठेवायचा, डोळे कसे बांधायचे, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. आणि बोट वर करून म्हणाली होती, "बी नही हां, माय. बीनी पूड डोयामा गई ते डोया जाई." बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळाच जातो. नियम सासूचा होता, पण तो आधी पाळला होता तिनं. न्हाणीजवळचं हे झाडही तिनंच, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, सासूला आणून दिलेलं. ओल्या चिंधीत गुंडाळलेलं वीतभर रोप.

आज तिचं वय पासष्टच्या पुढे असेल. गावातलं शेंबडं पोर तिला "ए सुगंधा" म्हणतं. आणि ती सरिताच्या लावण्याला, दहा वर्षांच्या पोरीला, "ताई" म्हणते. माझं डोकं तिथेच फिरतं.

घरी आल्यावर मी नवऱ्यासमोर, अभिमनसमोर, तासभर तणतणले. तो म्हणाला, "एवढा राग येतोय तर ग्रुपवर लिही ना." मी मोबाईल घेतला. लिहिलं, *पाडा स्वच्छ आहे, गाव तपासा.* आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कारण लोक विचारणार, तुला कसं ठाऊक? मग सांगावं लागणार की कोण कोण पाला नेतं. आणि मग कोणीतरी विचारणारच की अक्का, तुझ्या डोक्याचं काय? शाळेत पोरं कमरेला मिठ्या मारतात, मांडीवर डोकं ठेवतात. मला कुठून झाल्या असतील ते सांगायला नको. पण माझ्याही होत्या. पाला मीही लावत होते. पन्नाशीला आलेली बाई, शाळेत खिचडी शिजवणारी, तिच्या डोक्यात उवा! उद्या सकाळी माझा डाव दुसरीच्या हातात. त्या मेसेजला अंगठा द्यायला नको म्हणून मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि पोळ्या लाटायला बसले.

शुक्रवारी सकाळी सरिता लावण्याला ओढतच माझ्याकडे घेऊन आली. पोरीचे दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, पाणी थांबत नव्हतं.

"बघा अक्का! आता डोळे आले. त्या पोरीच्या शेजारी महिनाभर बसली होती माझी लावण्या. आधी ते, आता हे. पेरूचा पाला उकळून डोळे धुतले तर चालेल का?"

मी लावण्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. कपाळावर, केसांच्या कडेला काळपट पिठी चिकटलेली होती. बारीक, खरखरीत. ती मी ओळखते.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं. "सरिता, डोक्याला काय लावलंस?"

"कुठं काय? तेल."

"मम्मीनं बियांची पूड..."

"तू गप्प बस गं!"

गेल्या हंगामातल्या बिया मी झाडाखालच्या पत्र्यावर वाळत टाकल्या होत्या. पाला संपलेला पाहून हिनं बिया नेल्या, मिक्सरला फिरवल्या आणि पोरीच्या डोक्याला चोळल्या. फडकं नाही, काही नाही. कोणाला विचारायची सोय नाही ना! विचारायचं तर कारण सांगावं लागतं.

"पेरूबिरू काही नाही," मी म्हटलं, आणि पोरीला नळाखाली धरलं. "डोळे उघड, बाळा. मिचकाव. अजून. सरिता, ही साथ नाही. ही बी आहे. आत्ताच्या आत्ता शिरपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आणि त्याला खरं सांग. सीताफळाच्या बियांची पूड गेली म्हण. डोळा जाईल पोरीचा."

सरिता पांढरी पडली. पदरानं लावण्याचं तोंड पुसत पुसत पळाली.

देवाची कृपा, डोळे वाचले. डॉक्टरनं थेंब दिले, काळा चष्मा दिला, आठ दिवस उन्हात जायचं नाही म्हणाला. मला वाटलं, आता बाईला उमज पडेल. मीही त्या रात्री देवापुढे कान धरले. सासूचा नियम पाळता पाळता मी बियांबद्दल कोणालाच कधी बजावलं नव्हतं. सुगंधाबाईनं मला बोट वर करून सांगितलं होतं. मी बाकीच्यांना फक्त "घे गं" म्हणत राहिले.

आणि शनिवारी सकाळी ग्रुपवर मेसेज. *लावण्याच्या डोळ्यांना संसर्ग झाला आहे. आता प्रश्न आरोग्याचा आहे. आज दहा वाजता सर्व पालकांनी शाळेत यावे.*

संसर्ग!

दहा वाजता पाचवीच्या वर्गात सतरंज्या टाकल्या. बायका खाली, पुरुष भिंतीशी उभे. टेबलावर हजेरीपट, पाण्याची बाटली, आणि हजेरीपटावर ठेवलेली शिलाईची मोठी कात्री. ती कोणी आणली ते मी विचारलं नाही. दीपक खुर्चीवर बसला होता. सरिता पुढेच, लावण्या तिच्या मांडीला टेकून, काळा चष्मा लावून. तिच्या मागे तिची सासू सुंदरबाई. सत्तरी ओलांडलेली, ऐकू कमी येतं असं घरचे म्हणतात. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून ती नेहमीसारखी गप्प बसली होती.

सुगंधाबाई शीतलला घेऊन दाराबाहेर पायरीवर उभी होती. तिला कोणी आत ये म्हटलं नाही. मी म्हटलं, "सुगंधाबाई, आत या." ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"आपल्याला कोणाला दुखवायचं नाही," दीपकनं सुरुवात केली. "फक्त केस कापून टाकू, कानापर्यंत. केस काय, पुन्हा येतात. किंवा मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आणेपर्यंत घरी राहू दे."

"महिना-दोन महिने," मागून कोणीतरी म्हणालं. सर्टिफिकेट आणायला शिरपूरला कोण नेणार होतं तिला? म्हणजे शाळाच सोड, असा त्याचा अर्थ.

"सर्वानुमते ठरवू," मोतीलाल सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सुगंधाबाईनं हात जोडले. "सायेब, पहिले डोकं दखी ल्या ना. काहीच नही शे. दखा ना." दखा, म्हणजे बघा. एवढंच मागत होती ती. आधी बघा.

कोणी जागचं हललं नाही. बघायचं म्हणजे हात लावावा लागतो.

शीतलनं वेण्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की तिची नखं पांढरी पडली होती. ती रडत नव्हती. कात्रीकडे बघत होती.

मी उठले. माझ्या पिशवीत फणी होती, बारीक दात्यांची. ती आता नेहमीच असते. टेबलावरची कात्री बाजूला सरकवली, हजेरीपटातला एक कोरा कागद घेतला, शीतलला खिडकीशी बसवलं आणि वेण्या सोडल्या. टाळूपासून टोकापर्यंत फणी फिरवली. दहा वेळा, पंधरा वेळा. प्रत्येक वेळी कागदावर झटकली आणि कागद सरांसमोर धरला.

"काय दिसतं, सर?"

सरांनी चष्मा पुसला. "काही नाही."

"भूषणच्या आई, तुम्ही बघा. पाटलांच्या सूनबाई, तुम्ही?"

दोघींनी माना दुसरीकडे वळवल्या.

"बरं," मी म्हटलं. "एक डोकं झालं. आता पुढचं कोणाचं? या. फणी इथंच आहे, कागदही आहे."

सगळ्या बायकांचे हात एकदम डोक्याकडे गेले आणि पदर पुढे आले. मागे दोघीतिघी ड्रेसवाल्या होत्या. त्यांनी ओढण्या घेतल्या.

"अक्का, हे काय चालवलंय?" सरिता म्हणाली. "आमच्या घरात असलं काही नसतं."

मला तिचा राग आला तसाच तिच्या मांडीवरच्या काळ्या चष्म्याकडे बघून जीवही तुटला. पण तोंडातून निघालं ते निघालंच.

"गाईची जखम बरी झाली का गं?"

सरिताचा चेहरा उतरला.

"कोणती गाय?" दीपकनं विचारलं. खरंच विचारलं त्यानं, कपाळाला आठ्या घालून. "गाय तर आपण पोळ्याआधीच विकली ना?"

एरवी गावानं यावर आठवडाभर हसून घेतलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. भूषणच्या आईनं मान खाली घातली. पाटलांच्या सुनेनं सतरंजीचा धागा ओढायला सुरुवात केली. ज्या ज्या घरचं कारण मला माहीत होतं, त्या त्या घरची बाई माझ्याकडे बघत होती. मी आता काय बोलते, याची वाट बघत. आणि मी बोलू शकत होते. कोंबडी, लोखंडी पलंग, हरभऱ्याची कोठी, सगळं जिभेवर होतं. दुसऱ्यांचं सगळं होतं. माझं स्वतःचं तेवढं येत नव्हतं. तीन शब्दांचं काम, आणि मी नुसती फणी पुसत राहिले.

"चला, वेळ नका घालवू," दीपक म्हणाला आणि त्यानं कात्री उचलून सरांपुढे सरकवली. "काय ते ठरवा."

"थांब रे."

आवाज कुठून आला ते आधी कळलंच नाही. मग सुंदरबाई जमिनीला हात टेकत उठायला लागली. सरितानं तिचा हात धरला, "आत्याबाई, बसा तुम्ही, तुम्हाला नीट ऐकू येत नाही." तिनं तो हात झटकला. सतरंजीवरून, बायकांच्या गुडघ्यांना धरत धरत ती पुढे आली. मुलाच्या हाताखालची कात्री उचलली आणि हजेरीपटाखाली सारली. मग शीतलशेजारी मटकन खाली बसली आणि भर सभेत, पुरुषांदेखत, कपाळावरचा पदर मागे टाकला. पातळ, पांढरे केस. मला वाटतं तिच्या मुलानंही तिचं उघडं डोकं कधी बघितलं नसेल.

"माला, फणी लाव."

"आत्याबाई..." मी चाचरले.

"लाव म्हनस ना."

मी फणी लावली. एकदाच. कागदावर झटकली. मग तो कागद सरांसमोर धरायची मला गरज पडली नाही, सगळ्यांना दिसलं.

सुंदरबाईनं कागदाकडे बघितलंही नाही. ती आपल्या मुलाकडे बघत होती.

"मन्हा डोकामा उवा शेतस. लावण्याना डोकामा शेतस, तिनी मायना डोकामा शेतस. अठे बठेल बठ्ठासना डोकामा शेतस." इथे बसलेल्या सगळ्यांच्याच डोक्यात आहेत, म्हणत होती ती. "आन् कात्री तुम्ही हाई पोरनाकरताच काढी, ती पाडावरनी शे म्हनीसन."